जावळ राहिलं होतं

परदेशातून अनाथ मुलांची सेवा करायला आलेल्या पाहुण्या म्हणून माझा सत्कार झाला, तो माझ्याच जिल्ह्यात. शाल, श्रीफळ, डोक्याला गुलाबी फेटा आणि मागे भलंमोठं फ्लेक्स. त्यावर माझा फोटो पासपोर्टाएवढा आणि गावातल्या पुढाऱ्याचा हातभर. शेजारच्या खुर्चीवर माझ्याबरोबर आलेली तिकडची मुलगी बसली होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, उन्हानं लालबुंद झालेली. पोरं तिला पहिल्याच दिवसापासून लाल दीदी म्हणायला लागली. तिला फेटा इतका आवडला की जेवतानाही तिनं तो उतरवला नाही. माझं मात्र फेट्याखाली डोकं तापलं होतं आणि कधी एकदा हे उरकतंय असं झालं होतं.

मी बीडची. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. मी नर्स झाले, लग्न करून इंग्लंडला गेले आणि तिथल्या एका दवाखान्यात माझी सगळी नोकरी झाली. नवरा वारला, मुलगा दुसऱ्या शहरात गेला, मग घर खायला उठायला लागलं. दिवसभर मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे, हिला स्वस्थ बस म्हणणं म्हणजे शिक्षाच. त्या भिंगरीनं मला एका संस्थेच्या दारात नेलं. गरीब देशांतल्या अनाथाश्रमांत स्वयंसेवक पाठवणारी संस्था. तिथल्या बाईनं जागा सांगायला सुरुवात केली, नेपाळ, केनिया, कंबोडिया, आणि मग एक नाव असं काही उच्चारलं की मला कळेचना. तिनं नकाशावर बोट ठेवलं. केज तालुका. नांदूरघाटच्या पुढचं गाव, जिथं लहानपणी मी एका लग्नाला गेले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी सातासमुद्रांवरून घातला होता. मी तिथंच हसले. त्या बाईला वाटलं, मला जागा पसंत पडली.

बीडला राहणारा धाकटा भाऊ मात्र चिडला. "ताई, घर असताना तू आश्रमात राहणार? लोक मला काय म्हणतील?" लोकांचं त्याला पहिल्यापासून फार. मग म्हणाला, "येशील तेव्हा तुझी पेटी तेवढी बघ. मी वरचा मजला चढवतोय, माळा पाडायचाय. नाहीतर देतो भंगारात." माझी लोखंडी पेटी लग्नाच्या आधीपासून त्या माळ्यावर आहे. तिच्यात काय आहे ते मला आठवत नाही. रिकामी करते म्हणून मी सांगितलं, आणि बीड एवढं जवळ असूनही जायचं टाळत राहिले. आई-वडील गेले, घर भावाचं झालं. तिथं मला माझं म्हणून करायला त्या पेटीशिवाय काही उरलेलं नव्हतं, आणि तेही उरकून टाकायचं जिवावर येत होतं.

आश्रम गावाबाहेरच्या माळावर. पत्र्याच्या खोल्या, पुढे अंगण, एक कडुनिंब आणि हापसा. चालवणारे सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या त्यांच्या बायको, सगळ्यांच्या काकू. पहिल्याच दिवशी सरांनी मला आडनाव विचारलं. लाल दीदीला नाही विचारलं. मी सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग "अरे वा, वा," म्हणाले आणि चहा मागवला. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, आम्ही शिकलो, परदेशात गेलो, पण आडनावानंतरचं ते क्षणभर गप्प होणं काही सरलं नाही. मला राग येतो. राग आला तरी चहा मी घेते. सर माणूस वाईट नव्हते, हेही सांगितलं पाहिजे.

अनाथाश्रम नुसता नावाला. दिवाळी झाली की या भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाला एकटा माणूस चालत नाही, जोडी लागते. मग पोरं कुठं ठेवायची? कुणी बरोबर नेतं, कुणी म्हाताऱ्यांकडे ठेवतं, आणि कुणी या आश्रमात आणून सोडतं. पाडव्याच्या सुमाराला हंगाम संपला की ट्रॅक्टर येतात आणि ज्याची त्याची पोरं घेऊन जातात. खरोखर ज्यांचं कुणी नाही अशी चार-दोनच. हे कळल्यावर लाल दीदी खट्टू झाली. "म्हणजे ही अनाथ नाहीत?" तिनं मला अशा आवाजात विचारलं की जणू भाजीवाल्यानं तिला शिळी भेंडी दिली. मी म्हटलं, "बाई, वाईट वाटून घेऊ नकोस, आहेत त्यांच्यावर भागव."

काम म्हणाल तर आम्हाला काही नव्हतंच. भाकरी काकू करायच्या, पोरं आपले कपडे आपण धुवायची, अभ्यास सर घ्यायचे. स्वयंसेवकांना काहीतरी दिलं पाहिजे म्हणून सरांनी आम्हाला भिंत रंगवायला दिली. तिच्यावर मागच्या खेपेच्या पाहुण्यांनी जिराफ काढला होता. जिराफाच्या पोपड्याखाली त्याच्या आधीच्या पाहुण्यांचा हत्ती दिसत होता. पाहुणे आले की भिंत रंगते, हे पोरांना पाठ झालं होतं. लाल दीदीनं मोर काढायला घेतला. मी ब्रशला हात लावला नाही. तिनं वाढदिवसांचा तक्ताही करायला घेतला, तर सगळ्यांचा वाढदिवस निघाला एक जून. शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट तीच तारीख टाकतात, माझ्या भावाचीही तीच आहे. तिला ते इतकं विलक्षण वाटलं की तिनं घरी फोन करून सांगितलं. मी समजावून सांगायला गेले नाही. मला कशातच धड लक्ष लागत नव्हतं. सेवा करायला आले आणि दिवसभर अंगणातून हापशापर्यंत आणि हापशापासून अंगणापर्यंत येरझाऱ्या घालत होते. काकू म्हणाल्या, "बाई, बसा की जरा. तुमाला बघून मलाच दम लागतोय."

अशा येरझाऱ्यांमध्ये ती मुलगी माझ्या मागं लागली. सात एक वर्षांची, काटकुळी, आणि त्या अंगाला न शोभणारे केस. कमरेपर्यंत आलेले, टोकाला बाळाच्या केसांसारखे मऊ, पिंगट. वाटेल तिथं बसून ती वेणी सोडायची आणि पुन्हा घालायची. मी काकूंना म्हटलं, हिचे केस कुणी कापत का नाही? काकू भाकरी थापता थापता थांबल्या. "तिचं जावळ ऱ्हायलंय," म्हणाल्या.

मग सगळं कळलं. तिच्या आधीची दोन पोरं जगली नव्हती. म्हणून आईनं डोंगरावरच्या देवीला नवस बोलला होता, ही जगू दे, पाच वर्षांची झाली की मामाच्या मांडीवर बसवून तिचं जावळ तुझ्या पायाशी काढीन. तोवर केसाला कात्री लागणार नाही. पोरगी जगली. पण पाच वर्षं भरायच्या आत बाप आजारानं गेला, आणि आईनं चकलांब्याकडं दुसरं घर केलं. त्या घरानं बाई घेतली, पोरगी घेतली नाही. आईनं तिला इथं आणून सोडलं आणि जाताना सांगितलं, "जावळ काढाया येते." त्यानंतर ती आली नव्हती. दोन हंगाम होऊन गेले होते.

आमच्या घरी नवस हा शब्दसुद्धा उंबऱ्याबाहेर. शेजारपाजारी कुणाचं जावळ असलं की वडील म्हणायचे, "देवीला केस कशाला लागतात? गादी भरायचीय का तिला?" आम्ही भावंडं खो खो हसायचो. ते वाक्य मला काकूंच्या चुलीपाशी आठवलं, पण हसू आलं नाही.

थंडी सरत आली तशा आश्रमात उवा झाल्या. दोघींच्या डोक्यात दिसल्या आणि बघता बघता सगळ्यांच्या. लाल दीदी खूश झाली, तिला एकदाचं खरं काम मिळालं. तिनं हातमोजे चढवले, रांग लावली. पण सरांचा उपाय जुना होता. त्यांनी नांदूरघाटहून न्हावी बोलावला आणि फर्मान काढलं, पोरं-पोरी सगळ्यांचे चकोट. पोरांनी आनंदानं टकलं करून घेतली आणि एकमेकांच्या डोक्यावर तबला वाजवत सुटली. पोरी रडल्या, पण बसल्या. हिची पाळी आली तेव्हा न्हाव्यानं वेणी हातात धरली मात्र, ती त्याच्या मनगटाला कडाडून चावली आणि पळाली. सापडली ती कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमागे, दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेली. रडत नव्हती. आत शिरेल त्याला चावायच्या तयारीत होती.

सर मला म्हणाले, "बाई, हिच्या एकटीपायी समद्यांच्या डोक्यात परत व्हतील. तुमी शिकलेल्या, तुमीच समजावा."

मी समजवायलाच गेले होते. खाली बसले, पोत्यांमधून तिच्याकडे बघितलं.

"केस पुन्हा येतात गं," मी म्हटलं.

"जावळ परत येत न्हाई," ती म्हणाली. "हे काढलं तर आई कावून येईल? कशाला येईल?"

या पोरीकडे आईनं दिलेलं दुसरं काहीच नव्हतं, ना फोटो, ना लुगड्याचा तुकडा. डोक्यावर एक राहून गेलेलं काम होतं. ते काम राहिलंय तोवर आईला यावं लागणार होतं, एवढा तिचा सरळ हिशेब. तो कुणी कात्रीनं उडवणार असेल तर चावण्यात काय चुकलं?

मी बाहेर आले आणि सरांना म्हटलं, "तिचे कापायचे नाहीत. उवा मी काढते."

सर माझ्याकडे बघत राहिले. "तुमच्यात बी नवस मानतात व्हय?" हे म्हणताना त्यांच्या ओठांवर जे हसू होतं, ते मला चांगलं ओळखता येतं.

"मी नाही मानत. तिची आई मानते."

लाल दीदीला मी थोडक्यात सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आई आलीच नाही तर?" मी इतकी वसकन तिच्या अंगावर गेले की बिचारी दोन पावलं मागे सरली. तोच प्रश्न मला कोठीच्या खोलीतून बाहेर आल्यापासून कुरतडत होता.

त्या दिवसापासून दुपारी कडुनिंबाखाली आमची बैठक. खोबरेल तेलात कापूर घालून ते केसांना चोपडायचं, डोकं फडक्यात बांधून ठेवायचं, मग बारीक दातांच्या फणीनं बटीमागून बट विंचरायची. उवा निघतात, पण लिखा केसांना घट्ट चिकटून बसतात, त्या नखानंच ओढाव्या लागतात. मान दुखून यायची. तरी गंमत अशी की तेवढा वेळ मी एका जागी बसायची. भिंगरी थांबायची. ती तोंड पलीकडे करून बसलेली असायची आणि तिचे प्रश्न चालू असायचे.

"तुमचं जावळ कुटं काढलं?"

"कुठंच नाही. आमच्यात तसलं काही नसतं."

"मंग काय ऱ्हायलं व्हतं तुमचं हिकडं?"

"काही नाही."

"मंग तुमी कावून आल्या?"

मी फणी झटकली आणि म्हटलं, मान सरळ ठेव. लहान पोरं कधी कधी नस बरोबर धरतात. त्या प्रश्नाचं उत्तर मी इंग्लंडातल्या त्या बाईला दिलं नव्हतं, भावालाही नाही.

पाडवा जवळ आला तशी माझी घालमेल वाढली. ट्रॅक्टर यायला लागले. लांबूनच गाण्यांचा दणदणाट ऐकू यायचा, ट्रॉलीत चुलवणाची लाकडं, भांडी, कोंबड्या, त्यावर बसलेली काळवंडलेली माणसं. आवाज आला की पोरं फाटकाकडे धावायची. आपला ट्रॅक्टर ओळखू आला की किंचाळायची. ही धावायची नाही. कडुनिंबाला टेकून उभी राहायची, वेणी पुढे घेऊन. ट्रॅक्टर गेला की वेणी मागे टाकायची आणि हापशावर पाणी प्यायला जायची. दर ट्रॅक्टरला ती पाणी प्यायची. माझ्यानं ते बघवेना. त्या न पाहिलेल्या बाईला मी मनातल्या मनात नाही नाही ते बोलत होते. दुसरं घर केलंस ते केलंस, पण पोरीला खोटी आशा का लावून गेलीस?

मी सरांना म्हटलं, मी चकलांब्याला जाते आणि शोधून आणते तिला. त्यांनी मला हात जोडले. "तेवढं करू नका. सासरच्यायला कळलं की हिकडून माणूस आलतं, तर तिचं येनंच बंद करतील. ती आली तर तिच्या पायानं येईल." तरी एकदा मी नांदूरघाटच्या स्टँडपर्यंत गेले, चकलांब्याकडे जाणाऱ्या गेवराईच्या गाडीची वाट बघत बसले, आणि गाडी समोर लागल्यावर उठून परत आले. परतीचं विमान पाडव्यानंतरच्या आठवड्यातलं होतं. ते दिवस नुसते पायात आल्यासारखे झाले होते, पुढेही जाऊ देईनात आणि मागेही.

पाडवा झाला. ऊसतोडीवाल्यांची सगळी पोरं घरी गेली. अंगण रिकामं झालं, आणि एका सकाळी फाटकाशी मोटरसायकल थांबली. पुढे एक रापलेला माणूस, मागे बाई, बाईच्या कडेवर तान्हं पोर. बाई उतरली आणि फाटकाच्या आत यायला धजेना. तिच्या हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा होत्या, काही ओल्या, काही वाळलेल्या. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आलीस व्हय गं." त्यावरून मी ओळखलं.

मुलगी कडुनिंबापाशीच होती. धावली नाही. एकदा बघितलं आणि आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती वेणी सोडून, केस मोकळे करून. आईसमोर जाऊन पाठमोरी उभी राहिली, दाखवायला. आईनं एका हातानं ते केस उचलले, तळहातावर तोलले, आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"उवा न्हाईत," मुलगी म्हणाली. "मावशीनं काढल्या."

काकूंनी चहा ठेवला. आई खाली मान घालून काकूंना सांगत होती, आम्ही सगळे ऐकत होतो. तान्ह्याला घडीघडी ताप येतो. घरच्यांनी देवऋष्याला विचारलं. "त्यो म्हणला, हिच्या पयल्या घरची देवीची बाकी हाय, ती फेडून या. तवा सोडलं मला. भावाला बोलवून घेतलं. आज जावळ काढतो आन् सांजच्याला पोरीला आनून सोडतो."

म्हणजे ती आली होती तान्ह्यासाठी. माझं डोकं भणभणलं. इतकी तेल लावून, विंचरून जपलेली आशा, आणि तिचा उपयोग काय, तर दुसऱ्या पोराचा ताप उतरवायला! मी काही बोलणार, एवढ्यात मुलगीच बोलली. तिनंही सगळं ऐकलं होतं.

"आज काढल्यावर मंग तू परत कव्हा येणार?"

"येईन की गं."

"कावून येशील?"

आईनं तान्ह्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मामा उठला आणि मोटरसायकलपाशी गेला. मग मुलगी स्वतःच गेली आणि पेट्रोलच्या टाकीवर चढून बसली. ती चावेल, पळेल, पोत्यांमागे लपेल, अशी मी वाट बघत होते. पण ही तिची आई होती आणि हे ठरलेलं काम होतं. ज्याच्यासाठी ती थांबली होती तेच तिच्याकडून काढून घ्यायला नेत होते, आणि ती केस मोकळे सोडून, हँडल धरून, मामाच्या पुढे बसून गेली.

तो दिवस मी कसा काढला! घासलेली भांडी पुन्हा घासली. धुतलेल्या चादरी धुतल्या. शेवटी काही सुचेना तेव्हा ब्रश घेतला आणि जिराफाची मान रंगवायला लागले, मी, जिनं इतके दिवस भिंतीची टिंगल केली होती. लाल दीदीनं मुकाट्यानं मला डबा धरला. ती पोरगी समजूतदार होती, मी तिला फार बोलले होते. सर म्हणाले, "बाई, वाळू तरी द्या त्याला," इतके हात मी त्या जिराफावर मारले.

ऊन उतरल्यावर मोटरसायकलचा आवाज आला. मी फाटकात जाऊन उभी राहिले. लांबून पहिल्यांदा दिसलं ते डोकं, गुळगुळीत, पांढरंफटक, काळ्या चेहऱ्यावर बसवल्यासारखं. संपलं, मी म्हटलं. झालं देवीचं देणं, आता मोकळी झाली ती बाई.

मोटरसायकल थांबली, पोरगी उडी मारून उतरली आणि मान वळवली तेव्हा दिसलं. उजव्या कानामागे एक बट तशीच होती. कमरेपर्यंत लांब, मुळाशी लाल दोऱ्यानं बांधलेली. बाकी सगळं चकोट आणि ही एकच बट पाठीवर लोंबत होती. दिसत होतं भलतंच विचित्र. तिनं काकूंच्या हातात प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा दिला आणि बट पुढे ओढून मला दाखवली.

"ही ऱ्हायलीय," ती म्हणाली. "आईनं ठिवलीय."

मला वाटलं, हिनंच हट्ट केला असणार, न्हाव्याला चावायची धमकी दिली असणार. मामा हापशावर तोंड धुवत होता. मी आईकडे गेले आणि विचारलं, "एकच बट का ठेवली?"

तिनं आधी भावाकडे बघितलं, मग आवाज खाली आणला.

"म्याच ठिवाया लावली. न्हावी म्हणला, बाई, असं न्हाई ठिवत, समदं काढावं लागतंय. म्या म्हणलं, तू ऱ्हाऊ दे." ती तान्ह्याच्या पाठीवर थापटत होती. "समदं फिटलं म्हणलं, की मला परत हिकडं कोन येऊ देतंय, बाई? आता घरी सांगन, देवीनं एक बट मागं ठिवलीय, फुडच्या साली काढायचीय. देवीचं म्हणलं की कुनी आडवं येत न्हाई."

"आणि देवीला काय सांगितलंस?"

"तिला खरं तेच सांगितलं. बाईच हाय ती. तिला कळतंय."

मला रडू फुटलं. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण कडेवर पोर होतं, म्हणून पोरच घेतलं. अंग गार होतं, ताप नव्हता. नर्सची खोड जात नाही, म्हटलं, देवीचं झालं ते झालं, पण याचं रक्त तालुक्याच्या दवाखान्यात तपासून घे. ती "व्हय" म्हणाली, आणि मामानं हॉर्न वाजवल्यावर पोर घेऊन गेली. जाताना तिनं मुलीला जवळ घेतलं नाही. बटीच्या लाल दोऱ्याची गाठ तेवढी पुन्हा एकदा आवळून बघितली.

माझ्या निघायच्या दिवशी पुन्हा सत्कार, पुन्हा शाल, पुन्हा नारळ. लाल दीदी ढसाढसा रडली. ती मुलगी सत्काराला आली नाही, फाटकाशी भेटली. बट बोटाला गुंडाळत उभी होती.

"मी येईन गं पुढच्या वर्षी," मी म्हटलं. "तुझी बट काढतील तेव्हा."

"ती माज्या आईची हाय," ती पटकन म्हणाली. "तुमी तुमचं काय तरी ठिवा."

मी पर्समधून उवांची फणी काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती उलटसुलट करून बघितली.

"ही बाजारात बी मिळती," ती म्हणाली. तरी ठेवून घेतली.

रात्री मुक्कामाला बीडला भावाकडे गेले. माळा पाडून झाला होता आणि पेटी अंगणात आणून ठेवलेली होती. कुलूप गंजून धरलं होतं. किल्ली कुणाकडेच नव्हती. भाऊ हातोडी घेऊन तिच्यापाशी बसला होता. "बरं झालं आलीस. आता एका घावात उघडतो, काय ते बघून टाक, म्हणजे विषय मिटला."

त्यानं हातोडी उचलली आणि मी त्याचा हात धरला.

"नको तोडू. राहू दे तशीच. पुढच्या वर्षी येते, तेव्हा बघू."

"अगं ताई, पण आहे काय तिच्यात?"

"माहीत नाही."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. हातोडी खाली ठेवली. "बरं," म्हणाला, "जिन्याखाली जागा करतो."